किमचीतले जंतू आणि माझी टाळू

६ फेब्रुवारी, मंगळवार

डोक्यावर काळा ठिपका गोंदवून आले. खसखशीएवढा. चोपन्नाव्या वर्षी गोंदण. आई असती तर चिमटा काढला असता.

जॉन्जूचं मोठं हॉस्पिटल, तिसरा मजला. नर्स जिन-आ, आमच्या सोल-हीपेक्षा लहानच असेल. "काकू, केसांचा टोप काढा," म्हणाली. जणू चपला काढा म्हणतेय. चार वर्षांत कुणासमोर काढलेला नाही. ह्यांच्यासमोरसुद्धा नाही. घरात फडकं, झोपताना टोपी. विचारलंच तर केसांना मसाज लावलाय म्हणून सांगायचं. विचारत मात्र नाहीत.

आधी तिला पडदा ओढायला लावला. मग काढला. तिनं पाहिलं, "बरं" म्हणाली आणि कॅमेरा घेतला. एवढंच. घाम मला फुटला होता, तिला नाही. दर वेळी त्याच जागेचा फोटो हवा, म्हणून तो ठिपका.

लोशन आमच्याच सुनचांगमध्ये तयार झालंय. कोबीच्या जुन्या, मुरलेल्या किमचीतले जंतू वेगळे काढायचे, वाढवायचे, तापवून मारायचे आणि त्यांचा अर्क लोशनमध्ये घालायचा. मेलेले जंतू केसांच्या मुळाशी जाऊन काय सांगणार, असं विचारलं तर जिन-आ म्हणाली, "तेच तर बघायचंय, काकू." निम्म्या बायकांना खरं, निम्म्यांना अर्काशिवायचं. कुणाला कोणतं, ते तिलाही ठाऊक नाही.

गावातल्या अर्ध्या बायकांचे केस मी कुरळे करते आणि माझ्या टाळूवर माळरान. भिक्षूला स्वतःचं डोकं भादरता येत नाही म्हणतात. माझं तर भादरायलाच काही उरलेलं नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर कोण डोकं देईल माझ्या हाती?

ह्यांना सांगितलं, पर्मचं औषध आणायला गेले होते. पुराव्याला दोन बाटल्या आणल्यात.


७ फेब्रुवारी

वास येतो. फार नाही. किमचीची बरणी परवा उघडून ठेवली असावी, तसा. ह्यांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "आज किमचीचं कालवण का?" करावं लागलं.


११ फेब्रुवारी, रविवार

नव्या वर्षाचा सण वन्संच्या घरी झाला. बुन-रे वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. जिभेवर तिखट, हातात माया. गच्चीवर त्यांचे रांजण ओळीनं उभे असतात, सोयाबीनचे, मिरचीच्या चटणीचे, किमचीचे. कुणी झाकणाला हात लावला तर ओरडतात.

जेवताना मी सहज म्हटलं, "किमचीचे जंतू म्हणे अंगाला चांगले असतात."

"म्हणे काय? माझ्या किमचीनं तुझा नवरा एवढा मोठा झाला. केस बघ त्याचे. घोड्याची आयाळ नुसती."

खरंच आहे. अठ्ठावन्न वर्षं, ना तेल ना काही, साबणानं डोकं धुतात. तरी केस म्हणजे नारळाच्या शेंडीसारखे राठ आणि दाट. रात्रंदिवस केसांची सेवा मी केली आणि देवानं पगार ह्यांना दिला.


५ मार्च, मंगळवार

दुसरी खेप. जिन-आ म्हणाली, एवढ्यात काही दिसायचं नाही, नेम सोडू नका. नेम कसला सोडते. सकाळी हे बस घेऊन ग्वांगजूला निघाले की लावते, संध्याकाळी हे यायच्या आत लावते.


१९ मार्च

हे लवकर आले. बस बिघडली म्हणे. टोप धुऊन न्हाणीत बाटलीवर वाळत घातला होता! धावले. तोवर हे हात धुऊन बाहेर आलेसुद्धा. चेहरा नेहमीचा. टीव्ही लावला, बेसबॉल बघत बसले.

हुश्श. ह्यांच्यासमोर भिंत पाडली तरी ह्यांना दिसायची नाही.


२ एप्रिल, मंगळवार

परतीच्या बसवर नेमके बांग निघाले, ह्यांच्याच डेपोतले. "वहिनी, हॉस्पिटलच्या थांब्यावर कशा?" मैत्रीण ॲडमिट आहे म्हटलं. कोणती मैत्रीण ते विचारलं नाही, नशीब. एकही नाव आठवलं नसतं.

टाळूवर अजून काही नाही. बोटानं चाचपते. गुळगुळीत.


८ एप्रिल

आज ह्यांनी भांडी घासली.

लग्नाला तीस वर्षं होत आली. या माणसाला घरातलं सिंक कुठं आहे तेही माहीत नसेल असं मला वाटायचं. मी पार्लर बंद करून आले तर बाह्या सरसावून उभे. अर्ध्या वाट्यांना साबण तसाच. "तू बस," म्हणाले. मी बसले नाही. कुठं बसणार, भीतीच वाटली.


१४ एप्रिल, रविवार

ह्यांनी शिंपल्याची पेज आणली. बाहेरून, भलीमोठी. आपल्याकडे आजाऱ्याला देतात ती.

"मला काय झालंय?"

"काही नाही. तुला आवडते ना?"

मला ती कधीही आवडली नाही. बाळंतपणात वन्संनी पाजली होती, तेव्हा ह्यांनीच माझ्या वाटची गुपचूप संपवली होती. तेही विसरले. खाल्ली सगळी. माझ्याकडे बघत बसले होते ना.


२२ एप्रिल

आता मी लिहूनच टाकते. काहीतरी आहे.

फोन आला की सज्जात जातात. हळू बोलतात. मी गेले की फोन पालथा. सोजू सोडली, दारूला शिवत नाहीत. चालायला जातात. टोमणे मारत नाहीत! परवा भात करपला तर "छान खमंग झालाय" म्हणाले. ज्या माणसानं तीस वर्षं माझ्या भाताला नावं ठेवली, तो असा गोड कधी होतो? पार्लरमध्ये बसून मी असल्या गोष्टी कितीदा ऐकल्यात. नवरा चांगला वागायला लागला की समजावं बाहेर कुणीतरी आहे, असं माझं जुनं गिऱ्हाईक योम आजी म्हणते. तिच्या नवऱ्याचं तसंच झालं होतं.


३० एप्रिल, मंगळवार

एक चांगलं, एक वाईट.

चांगलं आधी. जिन-आनं कॅमेरा ठिपक्याजवळ धरला आणि पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाली, "हे बघा." मला आधी धूळ वाटली. धूळ नव्हे, लव आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. "अजून काही म्हणता यायचं नाही हं काकू," ती म्हणाली, पण हसत होती. मी इतका वेळ पडद्याकडे बघत बसले की पुढच्या बाईनं दार वाजवलं.

वाईट म्हणजे, येताना बस पुन्हा बांगची. म्हणाले, "दोंग-चोल आज रजेवर, मग तुम्हीही सोबत जायचं की वहिनी."

हे रजेवर? सकाळी गणवेश घालून गेले होते. ग्वांगजूची पहिली फेरी आहे म्हणाले होते.

संध्याकाळी विचारलं, फेरी कशी झाली. "गर्दी होती," म्हणाले. मान वर केली नाही.

माझ्या डोक्यावर लव आली आणि मला ती कुणाला दाखवताही येत नाही.


६ मे

वन्सं आल्या. हाडांचा रस्सा, ताकदीसाठी लाल जिनसेंग आणि न विचारता पुसलेली फरशी. जाताना माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते. वन्संचे डोळे भरलेले मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिले नाहीत.

"ओक-जू, काहीही झालं तरी मी तुझ्या बाजूची आहे. एवढं लक्षात ठेव."

म्हणजे त्यांनाही माहीत आहे. भावानं सांगितलं असणार. मी एकटीच राहिले.

विचारलं नाही. विचारलं की खरं होतं.


१५ मे, बुधवार

बुद्धजयंती. डोंगरावरच्या मठात गेलो. दर वर्षी घराण्याच्या नावाचा एकच कंदील लावतो. आज माझ्या एकटीच्या नावाचा वेगळा लावलेला होता. गुलाबी, कमळाचा. चिठ्ठीवर 'मा ओक-जू, दीर्घायुष्य' एवढंच.

हे साष्टांग घालत होते. एकामागून एक. गुडघे दुखतात म्हणून जो माणूस देवापुढं मान तेवढी हलवतो, तो उठत होता, पडत होता, उठत होता. शर्ट पाठीला चिकटला. माझ्या मनात आलं, पाप मोठं दिसतंय. मग मात्र बघवेना. बाहेर जाऊन चपलांपाशी उभी राहिले.

तीस वर्षं सोबतचं माणूस आहे. दुसरी कुणी असेल तर तिचे केस दाट असणार, एवढंच डोक्यात येत राहिलं. मूर्खासारखं.


२१ मे

सोल-हीचा इंचॉनहून फोन. "आई, बाबा रोज फोन करतात गं. 'आईशी बोलत जा, आईला भेटायला ये' म्हणतात. तुमचं काही बिनसलंय का?"

"काही नाही," म्हटलं.

पोरीला तयार करताहेत. घर सोडून जाणार असतील. पुढच्या मंगळवारची खेप आटपली की विचारणार. खेप चुकवणार नाही. नवरा गेला तर गेला, लव जाऊ देणार नाही.

हे लिहिलं आणि रडले.


२८ मे, मंगळवार

सगळं नीट आठवून लिहायला हवं. 

जिन-आनं फोटो काढले. लव थोडी काळी झालीय. मी टोप चढवला, बाहेर आले. समोरच्या बाकावर हे.

गणवेश नाही. लग्नाकार्याचा कोट. मांडीवर पिवळ्या खरबुजांची पिशवी. माझ्या मागच्या बसनं आले होते. माझे पाय जागच्या जागी. वाटलं, आता इथंच सांगणार. घरी सांगायचं धाडस नाही म्हणून माणसांत सांगणार.

हे उठले. माझ्याकडे आलेच नाहीत. माझ्या मागून जिन-आ बाहेर येत होती, तिच्यापुढं जाऊन कमरेत वाकले.

"मी हिचा नवरा. मला सगळं माहीत आहे. माझ्यापासून काही लपवू नका. हिचे... किती राहिलेत?"

"दोन महिने," जिन-आ म्हणाली.

 तीच आपली उत्साहानं पुढं, "जुलैअखेर संपेल. काकू फार नेमाच्या आहेत हो. काहीजणी मध्येच सोडतात, ह्यांनी एकही खेप चुकवली नाही."

हे बाकावर बसले. बसले कसले, कोसळले. पिशवी सुटली आणि खरबुजं फरशीभर गडगडत गेली. एक लिफ्टपर्यंत गेलं.

"आणि त्यानंतर?" अगदी बारीक आवाजात विचारलं.

"त्यानंतर काही नाही. ठिपका तेवढा राहील, पण केसांत झाकला जाईल."

"कसला ठिपका?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. पेज. भांडी. कंदील. वन्संचे डोळे. साष्टांग. मी तिथं, त्या वऱ्हांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत टोप काढला आणि डोकं ह्यांच्यापुढं वाकवलं.

"हा ठिपका. माझे केस गेलेत. चार वर्षं झाली. त्याचं लोशन करून बघताहेत इथं. किमचीच्या जंतूंचं. बाकी मला काही झालेलं नाही."

"कॅन्सर?"

"कुणाला?"

"तुला."

"मला कशाला होईल?"

"न्हाणीत टोप वाळत होता," हे म्हणाले. "मग बांगनं सांगितलं तू हॉस्पिटलच्या थांब्यावर चढलीस. तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं, तिला सांगायचं नाही तर आपण कशाला... आपण कळल्याचं दाखवायचं नाही..."  मग एकदम मान वर केली. "केस? नुसते केस?"

"नुसते केस."

ह्यांनी दोन्ही तळवे माझ्या उघड्या टाळूवर ठेवले आणि रडले. मोठ्यानं. सोल-हीच्या लग्नात रडले नव्हते. जिन-आ खरबुजं गोळा करत होती आणि तीही नाक ओढत होती. मला वाटलं होतं, या डोक्याला कुणाचा हात लागला तर मी लाजेनं मरेन. तळवे गरम होते. एवढंच कळलं.

परतीच्या बसमध्ये विचारलं, "त्या दिवशी रजा घेऊन कुठं गेला होता?"

"ग्वांगजूला. मोठ्या हॉस्पिटलात. तुला तिथं नेता येईल का बघायला. तिथली बाई म्हणाली, रोग कोणता ते सांगा. मला तेही माहीत नव्हतं. परत आलो."

गणवेशात, हातात टोपी घेऊन, कुठला रोग ते माहीत नसताना रांगेत उभा राहिलेला माणूस डोळ्यापुढं आला. खिडकीकडे तोंड केलं मी.

"मला वाटलं, बाई आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"तुमची."

आधी कळलंच नाही ह्यांना. कळलं तेव्हा इतके हसले की पुढचे लोक वळून बघायला लागले. "अगं, हे पोट बघ. कोण घेईल?" बस चालवायला पुन्हा बांगच. आरशातून आमच्याकडे बघत होते. मी बिनटोपाची, हे रडून सुजलेले, दोघं फिदीफिदी हसतोय. उद्या डेपोत काय सांगतील कोण जाणे. सांगू देत.


२९ मे

करपलेला भात. "हे काय खायचंय का?" म्हणाले. इतकं बरं वाटलं.


२ जून, रविवार

वन्संना कळवायला गेलो. ह्यांनी तोंड उघडलं आणि वन्संनी आधी भावाच्या पाठीत धपाटा घातला, मग माझ्या.

"मी महिनाभर नीट झोपले नाही! जिनसेंग परत दे."

"संपलं वन्सं."

"संपलं? धडधाकट बाई, नि अख्खं जिनसेंग संपवलं?" मग जवळ आल्या. "बघू." मी फडकं सोडलं. बराच वेळ निरखून पाहिलं. "माझेही जाताहेत तिथंच," हळूच म्हणाल्या. "अंबाडा जरा वर बांधते." सत्तरीची बाई. तीस वर्षं एका घरात येणंजाणं, आणि दोघीही झाकतच होतो.

मग लोशनचं विचारलं. किमचीतून करतात कळल्यावर गच्चीकडे बोट केलं. "माझा सगळ्यात जुना रांजण ने. थेट लाव. औषधवाल्यांना काय कळतंय?" मिरची असते त्यात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे म्हणाले, "ताई, तू आधी लाव. तुझं बघून मग ही लावेल." दुसरा धपाटा.

निघताना वन्सं ह्यांना म्हणाल्या, "मठात काहीतरी बोलला होतास ना? ते फेड."

"फेडीन."

कसला नवस, ते मला सांगत नाहीत. माझा आणि बुद्धाचा मामला म्हणतात.


१२ जून, बुधवार

आज टोप न घालता पार्लर उघडलं.

घरून निघताना घातला होता. दाराशी आरशात बघितलं आणि मनात आलं, ज्याच्यापासून लपवत होते त्यानं पाहिलं, आता कुणासाठी? काढून खणात टाकला.  पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत हातरुमाल घडी करत बसले, उलगडून पुन्हा घडी.

आली योम आजीच. दारातच थबकली. मी कात्री उगीच पुसायला घेतली.

"हे काय?" म्हणाली.

"गळलेत, आजी."

"ते दिसतंय. मला वाटायचं, हिचे केस असे गच्च, हिला काय कळणार आमचं दुःख?" खुर्चीत बसली. "चल, घट्ट कुरळे कर. मागे जरा विरळ झालंय तिथं दाट दिसतील असे. तुला आता कळेल कुठं ते."

दिवसभर त्या खणाकडे हात गेला नाही. वारा टाळूला लागतो. उन्हाळ्यात बरा वाटतो.


२५ जून

जिन-आनं विचारलं, टोप कुठंय. खणात म्हटलं. तिनं उगीचच मिठी मारली.


२३ जुलै, मंगळवार

शेवटची खेप. हे सोबत. आत यायचा हट्ट. जिन-आनं पहिला फोटो आणि आजचा शेजारी शेजारी लावला. ठिपक्याभोवती पूर्वी फटफटीत होतं, आता बारीक बारीक केस आहेत. जंगल नाही. पहिल्या पावसानंतर बांधावर येतं तेवढं गवत. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "मला तर दोन्ही सारखीच दिसतात." जिन-आनं कपाळावर हात मारला.

खरं सांगायचं तर मलाही आता पूर्वीइतकं वाटलं नाही. आनंद झाला. पण फेब्रुवारीत असं काही दिसलं असतं तर नाचले असते. आज नाचावंसं वाटलं ते, बाहेर आल्यावर हे "जॉन्जूत आलोय तर बिबिंबाप खाऊ" म्हणाले तेव्हा.


७ ऑगस्ट

जिन-आचा फोन. सगळ्या बायकांचं संपलं, आज पाकिटं उघडली. माझं लोशन खरंच होतं. जंतूंचं. एकंदरीत ज्यांना खरं मिळालं त्यांचं थोडं बरं दिसतंय म्हणे, पण थोडंच, आणि एकदोघींना अर्काशिवायच्यानंही आलेत. मोठी माणसं अजून वाद घालताहेत. "तुम्ही नशीबवान, काकू," म्हणाली.

वन्संना सांगितलं. "त्यात काय नशीब? किमची आपली," म्हणाल्या.


८ ऑगस्ट, गुरुवार

नवस कळला.

सकाळी उपाशीपोटी बाहेर निघाले तेव्हा मी अडवलं. तर म्हणाले, दुर्बिणीनं पोट तपासायला चाललोय. सरकारची दोन वर्षांनी बोलावणारी चिठ्ठी येते, ती हे दर खेपेला फाडून टाकतात. मी किती भांडले असेन. घशातून नळी घालतात या नुसत्या कल्पनेनं या माणसाला ओकारी येते. दात घासतानाही येते.

"मठात म्हटलं होतं, हिचं ते खोटं निघू दे, मी नळी गिळेन. आता खोटं निघालं. काय करता?"

"मग इतके दिवस?"

"नवस बोललो होतो, तारीख दिली नव्हती."

मी सोबत गेले. हे भूल नको म्हणाले, भूल दिली तर नवस फिटत नाही म्हणे. मी बाहेर बसले होते तरी ओकाऱ्या ऐकू येत होत्या. हे बाहेर आले ते डोळे लाल, नाक लाल. "फिटला," म्हणाले.


३ सप्टेंबर, मंगळवार

मध्ये काही लिहिलं नाही. हात चालेना.

ह्यांच्या जठरात डाग निघाला होता. कॅन्सरच. अगदी कोवळा, वरच्या थरातला. त्याच नळीनं काढला, पोट फाडलं नाही. आज रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, मुळं राहिली नाहीत, दुसरं काही करावं लागणार नाही. अधूनमधून नळी तेवढी गिळायची.

डॉक्टर कागद चाळत होते. "पोटात दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, भूक चांगली. काही लक्षणच नाही. वर्षभर उशीर झाला असता तर आपण हे असं बोलत बसलो नसतो. तुम्ही तपासायला आलात तरी कसे?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझे केस गळत होते," मी म्हटलं.